‘तुम्ही घरी जा,’ असं ती म्हणते तेव्हा

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तुमचं वय ६१, पत्नीचं ५७. तिच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. तेवढा भाग काढून उरलेली टोकं जोडली. पत्र लिहिलंत तो ऑपरेशननंतरचा सहावा दिवस. उजाडल्यापासून वॉर्डातले दिवे मालवेपर्यंत तुम्ही तिच्या उशाशी असता, सुरुवातीच्या रात्री तर खुर्चीतच काढल्यात. दुसऱ्या रात्री ती भलतंच बोलायला लागली, छताला माणसं लटकलीत म्हणाली, तुम्हाला ओळखेना. ते दोन दिवसांत निवळलं. पण तेव्हापासून ती गप्प गप्प आहे, चालायला उठवलं की चिडते, आणि परवा म्हणाली, ‘तुम्ही घरी जा. तुम्हाला असं बसलेलं बघूनच मला दमायला होतं.’ गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट अजून यायचाय, आणि काहीही निघालं तरी तिला सांगायचं नाही असा मेहुण्यांचा आग्रह आहे. तुम्ही विचारता, ‘इतकं करूनही मी तिला नको झालोय. मी नक्की करू तरी काय?’

आधी त्या वाक्याबद्दल बोलू, कारण तेच तुमच्या जिव्हारी लागलंय. मी बरीच वर्षं सर्जिकल वॉर्डात सिस्टर होते. ‘घरी जा’ हे वाक्य तिथे कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलंय. ज्यांचं आपल्या माणसाशी मुळातच पटत नाही ते सहसा असं बोलत नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. चिडायलासुद्धा हक्काचं माणूस लागतं, आणि तिच्यासाठी ते तुम्ही आहात.

तिचा दिवस कसा जातो ते एकदा तिच्या खाटेवरून बघा. पहाटे पाचला कुणीतरी दंडाला पट्टा गुंडाळून बीपी घेतं. सहाला रक्त काढायला येतात. मग राउंड. चार डॉक्टर पायथ्याशी उभे राहतात, गाऊन वर करून टाके बघतात, रात्रीत लघवी किती झाली आणि गॅस पास झाला का हे सगळ्यांदेखत विचारतात. घोटभर पाणी प्यायचं तरी परवानगी लागते. कुशीवर वळायचं तर आधी नळ्या कुठे आहेत ते चाचपायचं. इतकी वर्षं घरातल्या सगळ्यांचं बघणाऱ्या बाईला आज स्वतःच्या शरीराबद्दलही काही ठरवता येत नाही. आणि या सगळ्यात समोरच्या खुर्चीत तुम्ही, दिवसभर, काळजीनं ओढलेल्या चेहऱ्यानं. तुमच्याकडे बघून तिला आणखी एक काम लागतं, तुम्हाला धीर द्यायचं. तिला दमायला होतं ते त्यानं.

म्हणून तिच्यासाठी आणखी काय काय करता येईल हा विचार थोडा बाजूला ठेवा. तिच्या हातातून जे गेलंय त्यातलं जमेल तेवढं तिला परत द्या. पुढे मी जे लिहितेय ते सगळं याला धरूनच आहे.

सुरुवात जाण्यायेण्यापासून करा. ‘मी थांबू की जाऊ?’ असं विचारू नका. ‘जा’ म्हटलं तर तुमचं मन दुखावतं, ‘थांबा’ म्हटलं तर तुमच्या पाठीची काळजी, म्हणजे दोन्हीकडून तीच अडकते. ‘मी आता घरी जातो, चारला येऊ की सहाला?’ असं विचारा. ती सांगेल त्या वेळेला दारात हजर राहा, राहवत नाही म्हणून अर्धा तास आधीही नको. हॉस्पिटलात पेशंटचं सगळं दुसऱ्यांच्या घड्याळावर चालतं. एक तरी गोष्ट आपण ठरवली तशी घडते हे तिला कळू दे. मग तसंच बाकीचं. पडदा उघडा ठेवू की ओढू, आधी तोंड धुवायचं की केस विंचरायचे, आज कुणाला भेटायचंय आणि कुणाला नाही. प्रश्न एवढेच लहान ठेवा. ‘तुला काय हवंय?’ हा प्रश्न मायेचा असला तरी आजारी माणसाला फार मोठा पडतो. उत्तर शोधायचीही ताकद नसते, मग ‘काही नको’ येतं आणि विचारणाराच खट्टू होतो.

भेटायला कुणी यायचं ही यादी तिची, पण नाही म्हणण्याचा वाईटपणा तुम्ही घ्या. फोनवर खुशाली कळवायचं काम एकाच नातेवाइकावर सोपवा, रोज संध्याकाळी सगळ्यांना एकच मेसेज. सर्दी-खोकला असलेल्याला दारातूनच परत पाठवा, मग तो कितीही जवळचा असो. पोटावर ताजे टाके असताना खोकला लागणं काय असतं हे मी बघितलंय, त्यामुळे या बाबतीत मी भीडभाड ठेवायला कधीच सांगत नाही.

आता जरा नाजूक विषय. तुम्ही अभिमानानं लिहिलंय की बेडपॅन देण्यापासून अंग पुसण्यापर्यंत सगळं तुम्ही करता, मावशींना हात लावू देत नाही. यामागची माया मला कळते. पण तिला विचारलंत का? नवराबायकोत कितीही मोकळेपणा असला तरी काही गोष्टी परक्या माणसाकडून करून घेणं सोपं जातं. मावशी दिवसभर हेच काम करतात, त्यांच्यासमोर संकोच लवकर जातो. नवऱ्याचं तसं नाही, कारण उद्या घरी गेल्यावर त्याच्याच शेजारी झोपायचं असतं, आणि त्याच्या डोळ्यांत आपण कसे राहतो याची काळजी ५७ व्या वर्षीही संपलेली नसते. ती चिडली त्या वेळा आठवून बघा. मला वाटतं बऱ्याचशा अशाच असतील. आजूबाजूला कुणी नसताना एकदाच विचारा, ‘यातलं कोणतं मी करू, आणि कोणतं मावशींना करू दे?’ काही बायकांचं नेमकं उलटही असतं, परका हात नको, नवराच हवा. तिचं काय ते तिनं सांगायचं आणि तुम्ही मनाला लावून न घेता पाळायचं.

चालण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूची आहे. पूर्वी पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर पेशंटला कितीतरी दिवस निजवून ठेवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लवकर उठवण्याकडे कल वळला. पुढे १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी लवकर खायला देणं, लवकर उठवणं आणि वेदना नीट आटोक्यात ठेवणं यांची एकत्र पद्धत बसवली, आणि आज जगभर तीच वाट धरतात. नुसतं पडून राहिलं की पोटरीतल्या शिरांमध्ये रक्त गोठण्याचा धोका वाढतो, फुप्फुसांचा खालचा भाग नीट फुगत नाही, तिथे कफ साचून न्यूमोनिया होऊ शकतो, अंगातली ताकदही झपाट्यानं जाते. डॉक्टर रोज गॅसचं का विचारतात तेही तिला सांगा. ऑपरेशननंतर लहान आतडं साधारण २४ तासांत कामाला लागतं, मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस लागतात, आणि गॅस सुटणं ही ते जागं झाल्याची खूण. कारण कळलं की त्या प्रश्नाची लाज पुष्कळ कमी होते.

पण ‘ऊठ, डॉक्टरांनी सांगितलंय’ म्हटल्यानं कुणी उठत नाही. ती आळस करत नाहीये. तिला दुखतंय, आणि टाके तुटतील अशी धास्ती आहे. सिस्टरांना विचारा की वेदनेचं औषध किती वाजता आहे, आणि चालणं त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासानं ठेवा. दुखणं शून्य ते दहामध्ये किती असं विचारतील तेव्हा तिनं ‘ठीक आहे’ न म्हणता आकडा सांगावा, आणि तो तिनंच सांगावा, तिच्या वतीनं तुम्ही नाही. दुखणं शून्यावर येणार नाही. खोल श्वास घेता यावा, खोकता यावं, चार पावलं टाकता यावीत इतकं ते खाली हवं. ‘ती खूप सहन करते’ असं भेटायला आलेल्यांना कौतुकानं सांगू नका. सहन करणारा पेशंट वरवर श्वास घेतो, आणि छातीत कफ धरतो.

आणि हे कुणाच्याही बाबतीत लक्षात ठेवा. बटण दाबलं की औषध देणारा वेदनेचा पंप जोडलेला असेल, तर ते बटण फक्त पेशंटनं दाबायचं. झोपेत कण्हतेय म्हणून जवळच्या माणसानं दाबलं तर औषध जास्त होऊन श्वास मंदावू शकतो. गुंगीतला माणूस स्वतः बटण दाबू शकत नाही, यावरच त्या पंपाची सुरक्षितता उभी आहे.

उठायची रीत अशी. खाटेचं डोकं वर करून घ्यायचं. गुडघे वाकवून एका कुशीवर वळायचं. मग खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर रोवून, पाय खाटेखाली सोडत सोडत उठून बसायचं. पोटावर जोर देऊन सरळ उठायला गेलं की टाक्यांवर ताण येतो आणि जीव कासावीस होतो. बसल्यावर लगेच उभं राहायचं नाही. एक-दोन मिनिटं तशीच बसू दे, पावलं वरखाली हलवू दे. गरगरलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर परत आडवं. लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, ड्रेनची, म्हणजे पोटातलं साचलेलं पाणी बाहेर काढणारी नळी खाटेच्या दांडीत अडकलेली नाही ना ते बघायचं. तुम्ही समोर उभे राहून तिचे हात ओढता, असं पत्रावरून दिसतं. तसं करू नका. तिच्या बाजूला, किंचित मागे उभे राहा आणि हात पुढे धरा. तिला वाटलं तर ती धरेल. पाय लटपटत असतील तर सिस्टर किंवा फिजिओथेरपिस्टशिवाय उठवायचं नाही. आणि किती चालायचं ते तिनं ठरवायचं: ‘आज खिडकीपर्यंत की दारापर्यंत?’ ती दारापर्यंत म्हणाली आणि अर्ध्यातून परतली, तरी चालणं झालंच.

श्वासाच्या व्यायामासाठी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलंय आणि ती रोज नेमानं फुंकते, असं लिहिलंय तुम्ही. ते फुंकायचं नसतं! ही गफलत इतकी सर्रास होते की मी वॉर्डात दर राउंडला हेच बघायचे. आधी सगळा श्वास बाहेर सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, मग सावकाश आत ओढायचं आणि गोळी वर दोन-तीन सेकंद थोपवायची. जागेपणी तासातासाला आठ-दहा वेळा, मध्ये दम खात. तिन्ही गोळ्या झटक्यात वर उडवायची चढाओढ नाही ही. श्वास सावकाश आणि खोल जायला हवा. खोकताना एक उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायला सांगा. उशी तिच्या हाताशी ठेवा, म्हणजे ऐनवेळी तुम्हाला हाक मारावी लागणार नाही.

खिडकीवरून एक सांगते. १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाचा अभ्यास आला होता. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट. निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. ४६ जणांवरून फार मोठं अनुमान मी काढणार नाही, पण खिडकीजवळची खाट रिकामी झाली तर विचारायला काय हरकत आहे? निदान दिवसा पडदा उघडा आणि रात्री अंधार, एवढं तरी सांभाळा.

त्या दुसऱ्या रात्रीचा संबंधही दिवस-रात्रीच्या या भानाशी आहे. तिला झालं त्याला डिलिरियम म्हणतात. मोठ्या ऑपरेशननंतर, विशेषतः उतारवयात, ते पुष्कळ वेळा दिसतं. भूल, वेदनेची औषधं, तुकड्यातुकड्यांची झोप, संसर्ग, अंगातलं पाणी आणि क्षार कमीजास्त होणं, अनोळखी खोली, काढून ठेवलेला चष्मा, यातलं काहीही किंवा सगळं मिळून ते घडवतं. हे वेड लागणं नाही. पण ‘होतं असं’ म्हणून सोडूनही द्यायचं नाही. मागचं कारण शोधावं लागतं, म्हणून सिस्टरांना तेव्हाच सांगायचं. आणि दरवेळी आरडाओरडाच असतो असं नाही. नुसतं सुस्त पडून राहणं, धड उत्तर न देणं हेही त्याचंच रूप असू शकतं, आणि ते जास्त निसटतं. तिचं हल्लीचं गप्प राहणं त्यातलं नाही ना, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. पुन्हा तसं झालं तर वाद घालू नका, ‘कुठे आहेत माणसं?’ असं खोदून विचारू नका. ‘मी इथे आहे. तू हॉस्पिटलात आहेस. ऑपरेशन झालंय. आता रात्र आहे.’ एवढंच, हळू आवाजात, लागेल तितक्या वेळा. चष्मा डोळ्यांवर, घड्याळ समोर.

त्यातलं बरंच तिला आठवतही असेल. अनेक पेशंटना आठवतं, आणि मग लाज वाटते, आपलं डोकं बिघडतंय की काय अशी भीती बसते. तिला त्रास नको म्हणून तुम्ही तो विषय टाळलात. पण तिला वाटत असेल, इतकं भयंकर वागले की हे त्याबद्दल बोलतही नाहीत. तुम्हीच विषय काढा. सांगा की असं पुष्कळांना होतं, त्याला नाव आहे, ते ओसरलं, आणि त्या रात्री मीही घाबरलो होतो. मग तिला काय सांगायचंय ते ऐकून घ्या.

आता मेहुण्यांचा आग्रह. त्यांचंही बहिणीवर प्रेम आहे हे मान्य करून सांगते की तो ऐकू नका. तिची गाठ काढलीय, ती तपासायला गेलीय, हे तिला ठाऊक आहे. डॉक्टर तुम्हाला खुणेनं बाहेर बोलावतात, तुम्ही दारापलीकडे मान खाली घालून ऐकता आणि आत येताना चेहरा बदलता, हे सगळं ती खाटेवरून बघते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८५९ च्या सुमारास शुश्रूषेवर लिहिताना बजावलं होतं की रोग्याच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजणं हे क्रौर्य आहे, कारण रोगी ते ऐकण्यासाठी नकळत जिवाचा कान करतो. उसना धीर देणाऱ्या भेटीगाठींवरही तिनं तितक्याच तिडिकीनं लिहिलंय. दीडशेहून जास्त वर्षं झाली, वॉर्डांच्या दारांबाहेर कुजबुज अजून चालूच आहे. आजपासून डॉक्टरांशी बोलणं तिच्या खाटेशेजारी. बाहेर बोलावलं तर म्हणा, ‘तिच्यासमोरच सांगा ना.’

याचा अर्थ रिपोर्ट आला की तिच्यासमोर वाचून दाखवा असा नाही. किती ऐकायचं हे तिनं ठरवायचंय, आणि ते रिपोर्ट यायच्या आधी विचारायचंय, कारण आल्यावर तुमच्या चेहऱ्यावरूनच तिला कळेल. प्रश्न असा घाला: ‘रिपोर्ट येईल तेव्हा डॉक्टरांनी आपल्या दोघांशी बोलावं, फक्त तुझ्याशी बोलावं, की आधी मला सांगावं?’ काहीजण खरंच म्हणतात, ‘तुम्ही ऐका, मला एवढंच सांगा की पुढे काय करायचं.’ तोही तिचा निर्णय, आणि तो पूर्ण मानाचा आहे. तुम्ही आणि मेहुण्यांनी मिळून परस्पर ठरवणं मात्र वेगळं. पुढे आणखी उपचार लागले तर ते तिच्याच शरीरावर होणार, संमती तिचीच लागणार. लपवलेलं तिथपर्यंत टिकत नाही, आणि जेव्हा फुटतं तेव्हा रिपोर्टपेक्षा तुमची लपवाछपवी तिला जास्त लागते. मेहुण्यांना सांगा, ‘तिनं विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.’ त्यापुढे चर्चा वाढवू नका. तिनं जे ठरवलं ते सर्जनच्या कानावर घाला.

आणि ‘काही होणार नाही, सगळं छान होईल’ हे बंद करा. तुम्हाला ते माहीत नाही, आणि तुम्हाला माहीत नाही हे तिलाही माहीत आहे. ‘मलाही भीती वाटतेय. काय असेल ते आपण दोघं मिळून ऐकू,’ हे खरं आहे, आणि खरं बोलणाऱ्या माणसासमोर तिला रडता तरी येईल.

तुम्ही दिवसभर उशाशी बसून नेमकं काय करायचं, याचंही उत्तर आहे. सिस्टरांच्या पाळ्या बदलतात, डॉक्टर बदलतात, केसपेपरवर आकडे राहतात. ती एरवी कशी असते हे त्या वॉर्डात तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. एक वही ठेवा. राउंडला काय सांगितलं, कोणतं औषध सुरू केलं, कोणतं बंद केलं, कोणती नळी कधी काढली, कशाची ॲलर्जी आहे, आणि तिनं राउंडला विचारायचे म्हणून सांगितलेले प्रश्न. राउंडच्या वेळी ते प्रश्न तिला विचारू द्या. तिच्या लक्षात नाही आलं तरच वही पुढे करा.

आणि ‘ही एरवी अशी नसते’ असं तुम्हाला वाटलं तर लगेच बोला. आतड्याची टोकं जोडलेल्या पेशंटमध्ये पहिल्या आठवड्याच्या अखेरीकडे डॉक्टर जरा जास्त सावध असतात, कारण जोड गळायचा असेल तर पुष्कळदा त्या सुमारास कळतं. कमी होत चाललेली पोटदुखी पुन्हा वाढणं, पोट ताठ फुगणं, ताप किंवा हुडहुडी, नाडी आणि श्वास जलद होणं, लघवी कमी होणं, नव्यानं गोंधळल्यासारखं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर राउंडची वाट बघायची नाही. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा एकाएकी धाप लागून छातीत दुखणं, हे तर धावत जाऊन सांगायचं. ‘सिस्टर वैतागतील’ हा विचार मनात आणू नका. इंग्लंडमध्ये १३ वर्षांची मार्था मिल्स २०२१ साली सेप्सिसनं, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून, गेली. तिची प्रकृती बिघडतेय ही आईवडिलांची शंका गांभीर्यानं घेतली गेली नव्हती. त्यातून तिथल्या सरकारी रुग्णालयांत २०२४ पासून ‘मार्थाज रूल’ लागू व्हायला लागला. पेशंट किंवा घरच्यांना काळजी वाटली तर दुसऱ्या तज्ज्ञ टीमकडून तातडीनं तपासणी मागता येते. नियम असो नसो, विचारायचा हक्क तुमचा आहे. ‘मला काळजी वाटतेय, कारण काल ती अशी नव्हती, कृपया डॉक्टरांना बोलवा,’ असं शांतपणे म्हणा आणि कुणी येईपर्यंत तिथून हलू नका. बाकी सगळ्या बाबतीत मी तुम्हाला मागे सरायला सांगितलं. इथे पुढे व्हा.

आता तुम्ही एका वाक्यात उरकलेलं. ‘गडबडीत माझ्या बीपीच्या गोळ्या तीन-चार दिवस राहिल्याच.’ हे मला अजिबात आवडलेलं नाही. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा आणि त्यांच्या सल्ल्यानं सुरू करा. रात्री घरी जाऊन आडवे व्हा. तिच्याजवळ रात्री कुणी हवंच असेल तर मुलगी आणि तुम्ही पाळी लावा, आणि कोणत्या रात्री कोण हे पुन्हा तिलाच ठरवू द्या. कॉरिडॉरमध्ये रडू आलं असं लिहिलंत, आणि त्याबद्दल माफीसारखं काहीतरी लिहिलंत. कशाची माफी? फक्त ते सगळं एकट्यानं नको. एखादा मित्र गाठा, ज्याच्याशी तिच्या तब्येतीखेरीज तुमच्याबद्दलही बोलता येईल.

हे छापून येईपर्यंत ती कदाचित घरीही आली असेल. नसेल तर डिस्चार्जच्या दिवसाची तयारी आधीच करा, कारण त्या दिवशी बिल आणि औषधांच्या धांदलीत विचारायचं राहून जातं. टाके कधी काढायचे, अंघोळ कधीपासून, किती वजन किती आठवडे उचलायचं नाही, खाण्यात काय टाळायचं, कोणती गोळी किती दिवस, जखम लाल होऊन पसरली, पाणी-पू आला किंवा ताप आला तर कुणाला फोन करायचा, आणि तो नंबर रात्रीही लागतो का. नवराबायकोचे संबंध कधी सुरू करता येतील हेही विचारायला संकोच करू नका. आम्हाला त्या प्रश्नाचं काहीच वाटत नाही. घरी आल्यावर कितीतरी आठवडे ती लवकर दमेल, कधी विनाकारण रडेल. मोठ्या ऑपरेशननंतर हे होतंच. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन सतत खालीच राहिलं, झोप-भूक गेली, कशातच रस वाटेना, तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणंच आहे, टाक्यांइतकंच.

हे उत्तर तिलाही वाचायला द्या, आणि तिला माझं काही पटलं नाही तर तिनं मला लिहावं.